निसर्ग शिक्षण केंद्राची तरतूद कापली गेली, तर नागरिकांनी काय करावे?

प्रश्न थोडक्यात असा आहे. एका मध्यम आकाराच्या शहरात महापालिकेचे निसर्ग शिक्षण केंद्र आहे. तलावाकाठची काही एकर जागा, एक बैठी इमारत, छोटी रोपवाटिका आणि शाळकरी मुलांना घेऊन हिंडणारे चार कंत्राटी मार्गदर्शक, एवढा त्याचा पसारा आहे. पुढील आर्थिक वर्षाच्या मसुदा अंदाजपत्रकात केंद्राची तरतूद जवळपास एक तृतीयांशावर आली असून, मार्गदर्शकांना मार्चअखेरीनंतर मुदतवाढ मिळणार नाही असे तोंडी सांगण्यात आले आहे. पालक, शिक्षक आणि पक्षीनिरीक्षक एकत्र आले आहेत, सह्यांची मोहीम सुरू झाली आहे, आणि केंद्र आपणच चालवायला घ्यावे असे त्यांच्यापैकी काहींचे मत आहे. पुढे काय करावे, असे त्यांनी विचारले आहे.

महापालिकांचे उद्यान व पर्यावरण विभाग आणि शाळांचे निसर्गविषयक उपक्रम यांच्याशी माझा कामाचा संबंध बराच जुना आहे, आणि त्या आधारावर माझे उत्तर असे : मार्गदर्शकांचे मानधन अंदाजपत्रकातल्या कोणत्या लेखाशीर्षातून, म्हणजे खर्चाच्या कोणत्या नोंदीतून, निघते ते आधी शोधून काढा आणि तुमची सगळी ताकद त्या एका ओळीवर लावा. केंद्र चालवायला घेण्याचा विचार त्यानंतरचा आहे, आणि तो करायचाच असेल तर कोणत्या अटींवर करावा, हे पुढे सांगतो.

मार्गदर्शकांच्या मानधनावर मी इतका भर का देतो, हे केंद्रातली एक सकाळ पाहिली की कळते. सहावीचा वर्ग आलेला असतो. मुलांना मोर, नाग, जमलेच तर बिबट्या पाहायचा असतो आणि प्रत्यक्षात काहीच दिसत नसते. मार्गदर्शक ताई मुलांना उंबराखाली बसवतात, खाली पडलेले एक फळ उचलतात आणि नखाने मधोमध फोडतात. आत बारीक काळे किडे वळवळत असतात आणि मुले ‘ई’ करून मागे सरकतात. मग ताई सांगतात की, आपण ज्याला फळ म्हणतो ती खरे तर आतल्या बाजूला वळलेल्या शेकडो इवल्या फुलांची कुपी आहे. हे किडे गांधीलमाशीच्या दूरच्या गोतावळ्यातले असून त्यांची मादी त्या फुलांमध्ये अंडी घालते आणि घालता घालता परागीभवनही करून जाते. या किड्याशिवाय उंबराला बी धरत नाही आणि उंबराशिवाय या किड्याची पुढची पिढी जन्मत नाही. पाच मिनिटांत मागे सरकलेली तीच मुले जमिनीवर पडलेली फळे शोधू लागतात आणि ‘माझ्यात जास्त आहेत’ म्हणून एकमेकांना दाखवू लागतात. उंबर तर शहरातल्या कितीतरी बागांत आहे. ते फळ फोडून दाखवणारी, मुलांच्या प्रश्नांना न कंटाळता उत्तर देणारी व्यक्ती मात्र त्या केंद्रातच आहे. ती गेली की इमारत, फलक आणि पायवाटा शाबूत राहूनही केंद्र बंद पडलेले असते, आणि बंद पडल्याची नोंद कोणत्याही कागदावर होत नाही.

अंदाजपत्रकाच्या भाषेत हे मानधन म्हणजे महसुली खर्च. नवे प्रवेशद्वार, रंगीत दिवे, प्राण्यांचे सिमेंटचे पुतळे, ‘संकल्पना उद्यान’ हे सगळे भांडवली खर्चात जाते. भांडवली कामाची निविदा निघते, भूमिपूजन होते, कोनशिला बसते, आणि अर्धवट राहिलेले काम डोळ्यांना दिसते म्हणून त्याची तरतूद सहसा टिकते. महसुली खर्च कापला तर त्या दिवशी कुणाला काही दिसत नाही. त्यामुळे आर्थिक ओढाताणीच्या वर्षात कात्री आधी इथे चालते. मार्गदर्शकांचे मानधन कापले गेले आणि त्याच वर्षी त्याच जागेच्या सुशोभीकरणाला नवी तरतूद मिळाली, असे घडू शकते. म्हणून अंदाजपत्रकाची दोन्ही बाजूंची पाने शेजारी ठेवून वाचा. सुशोभीकरणाची तरतूद तिथे दिसली, तर ‘पैसे नाहीत’ या कारणाला तुमच्याकडे लेखी उत्तर आहे. भांडवली निधी सरसकट मानधनाकडे वळवता येत नाही, हे खरे आहे. पण प्राधान्यक्रमाचा प्रश्न सभागृहात विचारायला तेवढा पुरावा पुरेसा होतो.

आता त्या लेखाशीर्षाविषयी. निसर्ग केंद्राचा खर्च एकाच जागी लिहिलेला असेल, असे गृहीत धरू नका. जागेची देखभाल उद्यान विभागाकडे, मुलांच्या सहली शिक्षण विभागाकडे, जनजागृती पर्यावरण विभागाकडे आणि माणसांचे पैसे बाह्यस्रोत मनुष्यबळाच्या ठोक रकमेत, अशी विभागणी असू शकते. त्यामुळे तरतूद कमी दिसण्यामागे तीन निरनिराळी कारणे संभवतात. पैसे खरोखर कापलेले असतील. ते दुसऱ्या लेखाशीर्षाखाली हलवलेले असतील. किंवा गेल्या वर्षीची रक्कम खर्चच झाली नसेल आणि लेखा विभागाने प्रत्यक्ष खर्चाचा आकडा पाहून नवा अंदाज तेवढाच धरला असेल. तिसऱ्या कारणाकडे आंदोलन करणाऱ्यांचे लक्ष फार क्वचित जाते. निविदा वेळेत निघाली नाही, मुदतवाढीची फाईल टेबलावर राहिली, सहा महिने देयके अडकली, आणि वर्षअखेर रक्कम व्यपगत झाली, म्हणजे न वापरल्यामुळे बाद झाली, की पुढच्या वर्षी ‘मागणीच नाही’ असा निष्कर्ष निघतो. अशा वेळी आयुक्तांच्या नावाने घोषणा देऊन काही साधत नाही. संबंधित विभागप्रमुखाने लेखा विभागाला कारणांसह सुधारित मागणी पाठवणे, हा त्यावरचा उपाय असतो आणि तो तुमच्या आग्रहाने एका आठवड्यात होऊ शकतो.

हे शोधण्यासाठी अंदाजपत्रकाच्या पुस्तकातले रकाने पाहा. मागील वर्षाचा प्रत्यक्ष खर्च, चालू वर्षाचा मूळ अंदाज, त्याचा सुधारित अंदाज आणि पुढील वर्षाचा अंदाज, असे आकडे एका ओळीत मिळतात. मागच्या चार-पाच वर्षांची पुस्तके संकेतस्थळावर किंवा महापालिकेच्या ग्रंथालयात मिळवा आणि त्या एका ओळीचा इतिहास कागदावर मांडा. जे मिळणार नाही त्यासाठी माहिती अधिकार आहे. महाराष्ट्रात अर्जाला १० रुपये शुल्क आहे, अर्ज एकाच विषयावर आणि १५० शब्दांच्या आत असावा लागतो, आणि ३० दिवसांत उत्तर देणे बंधनकारक आहे. ‘तरतूद का कमी केली’ असे विचारले तर हाती काही लागणार नाही, कारण कायदा उपलब्ध अभिलेख देतो, कारणमीमांसा तयार करून देत नाही. त्याऐवजी त्या लेखाशीर्षावरील खर्चाची नोंद, विभागाने लेखा विभागाला पाठवलेल्या मागणीपत्राची प्रत, मार्गदर्शकांच्या मुदतवाढीच्या प्रस्तावावरील टिपणी आणि निविदेचा कार्यारंभ आदेश, अशा कागदांच्या प्रती मागा. ३० दिवस थांबायला वेळ नसेल, तर राज्य सरकारच्या २०१८च्या निर्देशानुसार दर सोमवारी दुपारी ३ ते ५ या वेळेत जिल्हा आणि महापालिका पातळीवरच्या कार्यालयांत अभिलेखांचे अवलोकन करू देण्याची सोय आहे. दोन जणांनी जावे, एकाने वाचावे, दुसऱ्याने टिपून घ्यावे.

आधी हिशेब वाचा, मग झोळी घेऊन निघा, असे मी आग्रहाने सांगतो त्यामागे कॅलिफोर्नियातला एक प्रसंग आहे. मे २०११मध्ये त्या राज्याने २७८ राज्य उद्यानांपैकी ७० उद्याने वर्षभरात बंद करण्याचे जाहीर केले, त्यातून २.२ कोटी डॉलर वाचवायचे होते. गावोगावच्या मित्रमंडळांनी, निवृत्त शिक्षकांनी आणि छोट्या विश्वस्त संस्थांनी जिवाचे रान करून वर्गण्या गोळा केल्या, काही उद्याने चालवायला घेतली, त्यासाठी कायद्यातही तरतूद करून घेतली, आणि जवळपास सगळी उद्याने बंद होण्यापासून वाचली. जुलै २०१२मध्ये मात्र उघड झाले की, उद्यान विभागाच्या दोन निधींत मिळून सुमारे ५.४ कोटी डॉलर अनेक वर्षे अर्थ विभागाला न कळवता पडून होते. विभागाच्या प्रमुखांनी राजीनामा दिला आणि विधिमंडळाने उद्याने बंद करण्यावर दोन वर्षांची स्थगिती आणली. ज्यांनी स्वतःच्या खिशातून पैसे घातले होते, त्यांना झालेले दुःख मात्र कोणत्याही ठरावाने भरून येण्यासारखे नव्हते. आपल्याकडे असे काही दडवलेले असेलच, असे मी म्हणत नाही. पण लोकांकडे पैसे मागण्यापूर्वी सार्वजनिक पैशाचा पुरता हिशेब पाहिलेला असणे, हे देणाऱ्यांशी प्रामाणिक राहण्यासाठी आवश्यक आहे.

वेळापत्रकही तितकेच महत्त्वाचे आहे. आयुक्त साधारणपणे जानेवारी-फेब्रुवारीत मसुदा मांडतात, स्थायी समिती त्यात भर घालते किंवा बदल करते, आणि सर्वसाधारण सभा वर्ष सुरू होण्यापूर्वी त्याला मंजुरी देते. तुमचा मसुदा सध्या स्थायी समितीपुढे आहे, म्हणजे बदल करून घेण्याची सर्वांत सोपी वेळ हीच आहे. समितीच्या प्रत्येक सदस्याला स्वतंत्र भेटा. ज्यांच्या प्रभागातल्या शाळांची मुले केंद्रात येऊन गेली आहेत त्यांना त्या शाळांची नावे सांगा, आणि उपसूचना द्यायची तर तिचा मजकूर लेखाशीर्षाच्या क्रमांकासह तयार करूनच हातात द्या. सदस्याची सहानुभूती असते, पण कोणत्या ओळीत किती रक्कम वाढवायची आणि ती कुठून आणायची हे त्याला माहीत नसते, आणि म्हणून चांगल्या भाषणानंतरही आकडा तसाच राहतो. रक्कम कुठून आणायची याचे उत्तरही तुम्हीच सुचवले पाहिजे. वर सांगितलेले लेखाशीर्षांचे वाचन इथे कामाला येते. निवडणुका रखडल्यामुळे २०२२पासून काही वर्षे आपल्याकडच्या अनेक महापालिकांचा कारभार प्रशासकांच्या हाती होता. पुन्हा तशी वेळ आली तर समितीची जागा प्रशासक घेतात, आणि तेव्हा मसुदा बनण्यापूर्वीच, नोव्हेंबर-डिसेंबरात, विभागप्रमुख आणि लेखा विभाग यांच्याकडे पाठपुरावा करावा लागतो. पुण्यात २००६पासून नागरिकांकडून प्रभागातली कामे सुचवून घेण्याची पद्धत आहे. तिथेही अर्ज अंदाजपत्रकाच्या कित्येक महिने आधी घेतले जातात.

मार्च उलटून गेला आणि तरतूद कमीच राहिली, तरी वर्ष हातचे गेले असे समजू नका. वर्षभरात एका लेखाशीर्षातली रक्कम दुसऱ्यात वर्ग करण्याचे प्रस्ताव येतच असतात. सुधारित अंदाज ठरताना पुन्हा एक संधी असते. एप्रिल आणि मे हे दोन महिने मार्गदर्शकांना कसे सांभाळायचे, एवढाच त्यातला खरा अवघड भाग असतो आणि त्याकडे मी शेवटी येतो.

समितीपुढे आणि आयुक्तांपुढे मांडायचा मुद्दा कोणता, याविषयी थोडे स्पष्टच सांगतो. ‘निसर्ग वाचवा’ या आवाहनाला सभागृहात कुणी विरोध करत नाही आणि त्यासाठी कुणी पैसेही देत नाही. महाराष्ट्र महानगरपालिका अधिनियमात कलम ६३ मध्ये महापालिकेची बंधनकारक कर्तव्ये आहेत आणि कलम ६६ मध्ये ऐच्छिक. तंगीच्या काळात ‘हे ऐच्छिक आहे’ असे म्हणून हात वर करणे सोपे असते. त्याला उत्तर म्हणून चौऱ्याहत्तराव्या घटनादुरुस्तीने आलेल्या बाराव्या अनुसूचीकडे बोट दाखवा. नागरी वनीकरण, पर्यावरणाचे संरक्षण आणि परिस्थितिकीचे संवर्धन हा विषय त्यात नगरपालिकांच्या कामांमध्ये स्पष्ट नमूद आहे. पर्यावरण शिक्षण शाळांमध्ये सक्तीचे करावे, हा सर्वोच्च न्यायालयाचा एम. सी. मेहता प्रकरणातला १९९१चा आदेशही जोडा. याहून परिणामकारक कागद मात्र महापालिकेनेच छापलेला असतो. त्याच अधिनियमाच्या कलम ६७-अ नुसार आयुक्तांनी दरवर्षी ३१ जुलैपूर्वी शहराच्या पर्यावरणाच्या सद्यस्थितीचा अहवाल सभागृहापुढे ठेवायचा असतो. त्या अहवालात तुमच्या केंद्राचे छायाचित्र, भेट दिलेल्या विद्यार्थ्यांची संख्या आणि दोन कौतुकाची वाक्ये असण्याची दाट शक्यता आहे. ते पान झेरॉक्स करून निवेदनाला जोडा. राज्याच्या ‘माझी वसुंधरा’ अभियानासाठी जनजागृतीचे गुण मिळवताना केंद्राचे उपक्रम दाखवले गेले असतील, तर तेही जोडा. ज्या कामाच्या जोरावर शाबासकी घेतली त्याच कामाचे पैसे कापणे, हे कोणत्याही अधिकाऱ्याला लेखी समर्थन करायला जड जाते.

त्यासोबत एका पानाचे टिपण हवे, आणि ते खरोखर एकाच पानाचे असावे. केंद्राच्या भेटवहीतून मागच्या तीन वर्षांत आलेल्या शाळा आणि मुले मोजा. त्यात महापालिकेच्या शाळांची मुले किती, हे वेगळे काढा. समजा, वर्षाला १२,००० मुले येतात आणि मार्गदर्शकांसह चालवण्याचा खर्च १८ लाख रुपये आहे, तर एका मुलामागे १५० रुपये पडतात. हा आकडा ठळक लिहा. वह्या अर्धवट भरलेल्या असतात, पाने फाटलेली असतात, कुठे नुसतेच ‘इयत्ता ५वी, दोन तुकड्या’ असे लिहिलेले असते. तेव्हा जितके मोजता येईल तितकेच मोजा आणि मोजणी कशी केली ते तळाशी लिहा. फुगवलेला आकडा एकदा पकडला गेला की, नंतरच्या खऱ्या आकड्यांनाही कुणी विचारत नाही.

सह्यांची मोहीम चालू ठेवा, तिच्यामुळे माणसे जोडली जातात. पण दहा हजार सह्यांपेक्षा चाळीस मुख्याध्यापकांची शाळेच्या लेटरहेडवरची पत्रे मला अधिक मोलाची वाटतात. ‘आमच्या शाळेची अमुक इयत्ता दरवर्षी या केंद्रात येते, पुढील वर्षीही आणायची आहे, तारीख द्यावी’ अशी मागणी त्या पत्रात असावी. मागणी नोंदवलेली असली की, ती नाकारायला कुणाला तरी उत्तर लिहावे लागते. प्रत्येक पत्र आवक विभागात देऊन शिक्का आणि आवक क्रमांकासह पोच घ्या. केवळ साहेबांच्या टेबलावर ठेवलेले पत्र सरकारी अर्थाने दिलेले नसते. राष्ट्रीय शैक्षणिक धोरण २०२०मध्ये सहावी ते आठवीच्या मुलांसाठी दहा दिवस दप्तराविना शिकण्याचे सुचवले आहे, आणि शाळांना ते दिवस कुठे घालवायचे हा प्रश्न असतोच. शिक्षण विभागाशी बोलताना हा धागा उपयोगी पडतो. मुलांना मात्र फलक देऊन महापालिकेच्या दारात उन्हात उभे करू नये, असे माझे ठाम मत आहे. त्यांची चित्रे, निरीक्षणवह्या, पावसाळ्यात नोंदवलेल्या फुलपाखरांच्या याद्या सभेपूर्वी सदस्यांच्या हाती द्याव्यात. त्यांचा परिणाम जास्त होतो आणि मुलांचा वापर केल्याचा आरोपही येत नाही.

आता केंद्र आपणच चालवायला घेण्याविषयी. या बाबतीत मला ज्या उदाहरणाचा आधार वाटतो ते कॅलिफोर्नियातच, सॅक्रामेंटो काउंटीमधल्या (काउंटी म्हणजे आपल्या जिल्ह्यासारखा विभाग) कार्मायकल इथे आहे. एफी यॉ नावाच्या शिक्षिका १९५० आणि ६०च्या दशकांत अमेरिकन नदीकाठच्या ओकच्या जंगलात मुलांना हिंडवून आणत. त्यांच्या निधनानंतर काउंटीने तिथे १९७६मध्ये त्यांच्या नावाचे निसर्ग केंद्र उभे केले आणि तीन दशकांहून अधिक काळ चालवले. २००८च्या मंदीनंतर काउंटीचे उत्पन्न आटले आणि केंद्र बंद होण्याच्या बेताला आले. २०१०मध्ये अमेरिकन रिव्हर नॅचरल हिस्टरी असोसिएशन या स्थानिक विनानफा संस्थेने ते चालवण्याची जबाबदारी घेतली, आणि केंद्र त्यानंतरही चालू राहिले. या गोष्टीतला लक्षात घेण्याजोगा भाग असा की, ती संस्था आणीबाणी आल्यावर स्थापन झालेली नव्हती. ती १९८१पासून केंद्राच्या पाठीशी उभी होती. पैसे हाताळण्याची, माणसे सांभाळण्याची आणि काउंटीच्या अधिकाऱ्यांशी व्यवहार करण्याची सवय तिला जवळपास तीन दशकांची होती. जमीन काउंटीचीच राहिली. शाळांच्या सहलींचे शुल्क, सभासद वर्गणी, उन्हाळी शिबिरे आणि देणग्या असे अनेक झरे मिळून खर्च भागू लागला.

तुमच्याकडे आज अशी जुनी संस्था आहे का, हा पहिला प्रश्न स्वतःला विचारा. नव्याने न्यास नोंदवायचा तर धर्मादाय आयुक्तांकडची प्रक्रिया, मग करसवलतीसाठी लागणाऱ्या आयकर नोंदण्या, यांत महिने जातात. कंपन्यांच्या सामाजिक दायित्व निधीवर म्हणजे सीएसआरवर भिस्त असेल, तर हेही ध्यानात घ्या की, बाहेरच्या संस्थेमार्फत काम करवून घेताना कंपनीला त्या संस्थेची तशाच कामाची किमान तीन वर्षांची कामगिरी पाहावी लागते, आणि संस्थेकडे सीएसआर-१ ही कंपनी व्यवहार मंत्रालयाकडची नोंदणी असावी लागते. म्हणजे काल जन्मलेल्या मंडळाला तो पैसा थेट मिळत नाही. शहरातली जुनी निसर्गप्रेमी संस्था, महाविद्यालय किंवा शिक्षण संस्था सोबत घेणे, हा त्यावरचा मार्ग आहे. पगारासाठी पैसे देता येत नाहीत, प्रशासकीय खर्चाला मर्यादा आहे, असे कंपन्यांचे अधिकारी अनेकदा सांगतात. ती पाच टक्क्यांची मर्यादा कंपनीच्या सीएसआर कामाच्या सर्वसाधारण व्यवस्थापन खर्चाला लागू आहे. प्रकल्प प्रत्यक्ष राबवण्याचा खर्च २०२१च्या सुधारित नियमांतल्या व्याख्येतच त्यातून वगळलेला आहे. मार्गदर्शकाचे मानधन हा प्रकल्पाचाच खर्च आहे, हे त्यांना नियम दाखवून सांगा. तरीही सीएसआरचा पैसा दोन-तीन वर्षांपलीकडे टिकेल असे धरून चालू नका.

चालवायला घेतलेच, तर करारात काही गोष्टींवर अडून राहा. जमीन आणि इमारत महापालिकेचीच राहावी. वीज, पाणी, कुंपण आणि सुरक्षारक्षक हा खर्च महापालिकेकडेच असावा. मार्गदर्शकांच्या मानधनाचा ठरावीक भाग वार्षिक अनुदान म्हणून दरवाढीसह मिळावा. महापालिकेच्या शाळांतल्या मुलांना प्रवेश विनामूल्य असावा. आणि जागेवर लग्नसमारंभ, खाद्यगृह किंवा जाहिरात फलक येणार नाहीत असे स्पष्ट शब्दांत लिहिलेले असावे. जो सामंजस्य करार तीस दिवसांच्या नोटिशीवर कधीही मोडता येतो, त्यावर माणसांच्या नोकऱ्या उभ्या करू नयेत. भाडेपट्टा असेल तर महानगरपालिका अधिनियमाच्या कलम ७९ खाली सभागृहाची रीतसर मंजुरी घ्यावी, नाहीतर पुढच्या लेखापरीक्षणात तोच आक्षेप निघतो. शुल्काविषयी आणखी एक : शुल्क महापालिकेच्या सर्वसाधारण खात्यात जमा होत असेल, तर तुम्ही कितीही मुले आणली तरी केंद्राच्या तरतुदीत एक रुपयाही वाढत नाही. उत्पन्नासाठी स्वतंत्र लेखाशीर्ष उघडण्याची मागणी आधीच करा. पुण्याचे एम्प्रेस गार्डन १८३०मध्ये स्थापन झालेल्या संस्थेकडून प्रवेश शुल्क, रोपांची विक्री आणि जानेवारीतले पुष्पप्रदर्शन यांच्या जोरावर चालवले जाते, पण त्यामागे दीर्घ परंपरा आणि शहराची ओढ आहे; नव्या केंद्राने पहिल्या वर्षी तेवढ्या उत्पन्नाची आशा धरू नये.

केंद्राचे काही काम अन्य निधींवर टाकता येते का, तेही पाहा. रोपवाटिका वृक्ष प्राधिकरणाच्या निधीतून चालवता येते, कारण १९७५च्या वृक्ष संरक्षण कायद्यात रोपवाटिका आणि प्रदर्शने ही प्राधिकरणाची कामे म्हणूनच दिलेली आहेत, आणि मालमत्ता करासोबत वृक्ष उपकर वसूल होत असतो. जैवविविधता कायदा २००२ नुसार प्रत्येक स्थानिक संस्थेत जैवविविधता व्यवस्थापन समिती असायला हवी आणि तिने लोक जैवविविधता नोंदवही ठेवायला हवी. त्या नोंदवहीचे काम केंद्रातून चालले, तर केंद्राला एक वैधानिक आधार मिळतो. हे मार्ग पूरक आहेत, मूळ तरतुदीची जागा ते घेत नाहीत.

जागेच्या कायदेशीर दर्जाकडेही एक नजर टाका. मुंबईत माहीमचे महाराष्ट्र निसर्ग उद्यान एके काळच्या कचराभूमीवर उभे राहिले. १९७७मध्ये तिथे कचरा टाकणे थांबले, १९९१मध्ये जागा संरक्षित वन म्हणून अधिसूचित झाली आणि १९९४मध्ये सुमारे ३७ एकरांचे उद्यान लोकांसाठी खुले झाले. धारावीच्या पुनर्विकासात ते गिळले जाईल अशी भीती निर्माण झाल्यावर नागरिक उच्च न्यायालयात गेले, आणि उद्यान प्रकल्पात घेतले जाणार नाही अशी भूमिका तिथे मांडली गेली. संरक्षित वनाचा दर्जा नसता, तर ही लढाई किती अवघड झाली असती याची कल्पना करता येते. तुमची तलावाकाठची जागा विकास आराखड्यात कोणत्या आरक्षणाखाली आहे, हे नगररचना विभागातून लेखी घ्या. तरतूद कमी होणे आणि त्यानंतर ‘वापरात नसलेल्या’ जागेचे आरक्षण बदलणे, या दोन घटना एकामागोमाग येऊ शकतात. न्यायालयाचा मार्ग मात्र तरतुदीसाठी धरू नका. अंदाजपत्रकात किती पैसे ठेवावेत यात न्यायालये सहसा हात घालत नाहीत.

राहिला एप्रिल-मे महिन्यांचा प्रश्न. या दोन महिन्यांत मार्गदर्शकांना हातचे जाऊ देऊ नका, कारण दहा वर्षे त्या परिसरात फिरून तिथल्या झाडांची, घरट्यांची, सापांच्या बिळांची ओळख झालेली माणसे पुन्हा जाहिरात देऊन मिळत नाहीत. त्यांच्या जागी स्वयंसेवक नेमण्याची सूचना येईल. स्वयंसेवक जरूर घ्या, पण रविवारच्या फेरीसाठी, वहीनोंदींसाठी, रोपवाटिकेसाठी. मंगळवारी सकाळी आठ वाजता साठ मुलांचा वर्ग आला की, तिथे जबाबदारीने उभे राहणारी पगारी व्यक्तीच लागते. शिवाय सगळे काम फुकट होऊ शकते हे एकदा दिसले की, मानधनाची ओळ अंदाजपत्रकात परत येणे कठीण होते. शाळांना सुट्टी असल्याने मे महिन्यात निसर्ग शिबिरे घेता येतात, आणि पालकांकडून घेतलेल्या शुल्कातून मार्गदर्शकांचे दोन महिन्यांचे मानधन निघू शकते. ही रक्कम जुन्या नोंदणीकृत संस्थेच्या खात्यात जमा करा, प्रत्येकाला पावती द्या, आणि ही तात्पुरती सोय आहे, महापालिकेची जबाबदारी कायम आहे, असे आयुक्तांना पत्राने कळवून त्याचीही पोच घ्या. जूनमध्ये दुसऱ्या लेखाशीर्षातून रक्कम वर्ग करण्याचा प्रस्ताव मांडताना मार्गदर्शक कामावर असल्याचा तोच पुरावा लागेल.